जन्मदाता पिता तुरुंगात असताना सावत्र वडिलांनी मूल दत्तक घेणे : हक्क, संमती आणि कार्यपद्धती

आईने पुनर्विवाह केला आहे, मूल तिच्यापाशी वाढते आहे, तिचे पती त्या मुलाची सर्व जबाबदारी मनापासून उचलत आहेत आणि मुलाचा जन्मदाता पिता तुरुंगात आहे, अशा कुटुंबांत दत्तकाचा विषय निघाला की बहुतेकांचा समज असा असतो की शिक्षा झालेल्या माणसाला आता मुलावर काही हक्क उरलेला नाही, त्यामुळे त्याला विचारण्याचे कारण नाही. हा समज चुकीचा आहे आणि त्यावर विसंबून केलेले दत्तकविधान पुढे न्यायालयात टिकत नाही. भारतीय कायद्यात तुरुंगवासामुळे पितृत्व किंवा मातृत्व आपोआप संपत नाही. मुलाचा ताबा कोणाकडे राहील, यावर तुरुंगवासाचा मोठा परिणाम होतो. पण दत्तक देण्यासाठी लागणारी जन्मदात्याची संमती त्यामुळे अनावश्यक ठरत नाही. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात, म्हणून ती आधीच सांगितली.

येथे उदाहरण म्हणून आई, तिचे दुसरे पती आणि तुरुंगातील पहिले पती अशी रचना धरली आहे. आई तुरुंगात असून वडिलांनी पुनर्विवाह केला असेल, तर हेच नियम सावत्र आईला लागू होतात.

दत्तक खरोखर हवे आहे का, हे आधी ठरवा

अनेकदा कुटुंबाची खरी अडचण वेगळीच असते. शाळेच्या अर्जावर वडिलांची सही मागतात, पासपोर्टसाठी दोघांची संमती मागतात, बँकेत मुलाचे खाते उघडताना प्रश्न विचारतात. एवढ्यासाठी दत्तकाची गरज नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई नैसर्गिक पालक असे म्हटले आहे. परंतु गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या 1999 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ वडिलांच्या मृत्यूनंतर असा न घेता त्यांच्या अनुपस्थितीत असा घेतला. वडील कोणत्याही कारणाने मुलाची काळजी घेण्यास हजर नसतील, तर आई हीच नैसर्गिक पालक ठरते. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्या पित्याची अनुपस्थिती याहून स्पष्ट काय असणार? तरीही कार्यालये कागद मागतातच, म्हणून कौटुंबिक न्यायालयाकडून, आणि जेथे ते नाही तेथे जिल्हा न्यायालयाकडून, ताब्याचा आणि पालकत्वाचा स्पष्ट आदेश मिळवून ठेवणे शहाणपणाचे आहे. असा आदेश दत्तकापेक्षा सहसा लवकर मिळतो, त्यासाठी जन्मदात्याची संमती आवश्यक नसते, आणि परिस्थिती बदलली तर तो बदलून घेता येतो.

मग दत्तक कशासाठी? याचे उत्तर त्याच कलम 6 च्या स्पष्टीकरणात आहे : तेथे 'वडील' आणि 'आई' या शब्दांत सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत. मुलाला दहा वर्षे सांभाळलेल्या सावत्र वडिलांना कायद्याने आपोआप पालकत्व मिळत नाही. उद्या आईचे काही बरेवाईट झाले, तर मुलावर पहिला दावा तुरुंगातील वडील सांगू शकतात, त्यांच्या बाजूचे आजी-आजोबा न्यायालयात जाऊ शकतात आणि ज्या घरात मूल वाढले त्या घराला स्वतःची बाजू पहिल्यापासून सिद्ध करावी लागते. वारशाचेही तसेच आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार पत्नीच्या आधीच्या विवाहातील मूल हे सावत्र वडिलांचे वर्ग एकमधील, म्हणजे मालमत्तेवर पहिला हक्क असलेले, वारस नसते. त्यांनी मृत्युपत्र केले नाही, तर त्या मुलाला त्यांच्या मालमत्तेत काही मिळत नाही. या दोन कारणांसाठी दत्तक विचारात घ्यावे, असे माझे मत आहे. केवळ आडनाव बदलण्यासाठी किंवा पहिल्या पतीवरच्या रागापोटी ते करू नये.

याचे कारण असे की दत्तकाचा परिणाम कायमचा असतो. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, 1956 च्या कलम 15 नुसार वैध दत्तक रद्द करता येत नाही. दत्तक झाले की जन्मदात्या पित्याची पोटगीची जबाबदारी संपते, त्याच्याकडून मिळणारा वारसाहक्क संपतो आणि त्या बाजूच्या आजी-आजोबांशी असलेले कायदेशीर नातेही तुटते. जी मालमत्ता मुलाच्या नावे आधीच निहित झालेली असेल, तेवढी मात्र त्याच्याकडेच राहते. दुसरा विवाह पुढे मोडला, तरी सावत्र वडील हे त्या मुलाचे वडीलच राहतात. सावत्र वडिलांनी ही गोष्ट नीट समजून घेऊन मगच होकार द्यावा.

आधीचे कागद पुरे करा

सर्वप्रथम पहिला विवाह कायद्याने संपलेला असला पाहिजे. हिंदू विवाह अधिनियमात पतीला झालेली शिक्षा हे घटस्फोटाचे स्वतंत्र कारण नाही, हे अनेकांना माहीत नसते. तेथे क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग किंवा परस्परसंमती अशा कारणांचा आधार घ्यावा लागतो. विशेष विवाह अधिनियम, 1954 मध्ये सात वर्षे किंवा अधिक शिक्षा भोगत असणे हे कारण आहे. मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियम, 1939 मध्येही सात वर्षांची शिक्षा हे कारण आहे, मात्र ती शिक्षा अंतिम झालेली असावी लागते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात मुलाच्या ताब्याविषयी काय लिहिले आहे, ते वाचा. त्यात काहीच नसेल किंवा ताब्याचा दावा अजून चालू असेल, तर तो आधी निकाली काढा. ताब्याचा वाद न्यायालयात प्रलंबित असताना सावत्र पालकाच्या दत्तकाची प्रक्रिया सुरू करता येत नाही, असे बाल न्याय कायद्याखालच्या दत्तक विनियमांत (2022) स्पष्ट म्हटले आहे.

जन्मदाता कच्चा कैदी आहे की शिक्षा झालेला, हेही पाहा. देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांचा खटला अजून संपलेला नाही, असे 2022 ची अधिकृत आकडेवारी सांगते. ज्याचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, तो काही महिन्यांत जामिनावर किंवा निर्दोष सुटून घरी येऊ शकतो. अशा माणसाच्या मुलाचे दत्तक घाईने करू पाहणाऱ्या अर्जाकडे कोणताही न्यायाधीश सावधपणेच पाहील, आणि ते योग्यही आहे. शिक्षा झाली असेल, तर निकालपत्राची प्रमाणित प्रत, शिक्षेचा कालावधी आणि अपील प्रलंबित आहे का, ही माहिती जमवा. सध्या तो कोणत्या कारागृहात आहे, हे ज्या न्यायालयाने त्याला तेथे पाठवले त्याच्या कार्यालयातून किंवा त्याच्या वकिलाकडून कळते. कैद्यांना एका कारागृहातून दुसऱ्यात हलवले जाते, म्हणून जुन्या पत्त्यावर अवलंबून राहू नका.

दोन मार्ग

आई, तिचे पती आणि मूल हिंदू असतील (कायद्याच्या अर्थाने यात बौद्ध, जैन आणि शीखही येतात), तर 1956 च्या दत्तक अधिनियमाचा मार्ग उपलब्ध आहे. यात न्यायालयाचा आदेश सहसा लागत नाही. मूल देण्या-घेण्याचा प्रत्यक्ष विधी झाला पाहिजे, दत्तहोम (दत्तकाच्या वेळी करायचा होम) सक्तीचा नाही, आणि देणारा व घेणारा या दोघांच्या सह्या असलेले दत्तकपत्र नोंदवले तर कलम 16 नुसार दत्तक कायदेशीर रीतीने झाल्याचे न्यायालय गृहीत धरते. पण अटी कडक आहेत. मुलाला पंधरा वर्षे पूर्ण झालेली नसावीत, वेगळी रूढी असेल तर गोष्ट निराळी. सावत्र वडिलांना आधीचा मुलगा असेल तर त्यांना मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असेल तर मुलगी घेता येत नाही. मुलगी दत्तक घ्यायची असेल, तर तिच्यापेक्षा ते किमान एकवीस वर्षांनी मोठे असले पाहिजेत. दोन्ही बाजूंची मुले एकत्र आलेल्या घरात हा मार्ग अनेकदा येथेच बंद होतो.

दुसरा मार्ग बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 आणि दत्तक विनियम, 2022 यांचा. तो सर्व धर्मीयांसाठी खुला आहे. शबनम हाशमी प्रकरणात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते, असे सांगितले. यात मूल अठरा वर्षांखालील असले की पुरते, आणि दत्तक घेणाऱ्या पालकांसाठी असलेली वयोमर्यादा सावत्र पालकांना लावली जात नाही. माझा कल याच मार्गाकडे आहे, कारण शेवटी हाती येतो तो अधिकृत आदेश, आणि जिथे जन्मदाता तुरुंगात आहे तिथे नुसत्या दत्तकपत्रावर उद्या शंका घेतली जाण्याचा धोका जास्त असतो.

संमती कशी मिळवावी

1956 च्या अधिनियमाच्या कलम 9 नुसार आई आणि वडील दोघांनाही मूल दत्तक देण्याचा समान हक्क आहे, पण तो दुसऱ्याच्या संमतीशिवाय वापरता येत नाही. या नियमाला तीनच अपवाद आहेत : दुसऱ्याने पूर्णपणे आणि कायमचा संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल किंवा सक्षम न्यायालयाने त्याला मनोविकल ठरवले असेल. तुरुंगवास या यादीत नाही. घटस्फोटही नाही. दुसऱ्या मार्गातही जन्मदात्या पालकाची संमती विहित नमुन्यात मागितली जाते.

म्हणून पहिला प्रयत्न संमतीचाच करावा, आणि तो माणसासारखा करावा. तुरुंगात जाणारी पत्रे कारागृहाचे अधिकारी वाचतात, हे लक्षात ठेवून थोडक्यात आणि संयमाने लिहा : मूल कसे आहे, कोणत्या इयत्तेत आहे, दत्तक का हवे आहे, दत्तकानंतर भेट किंवा पत्रव्यवहार चालू ठेवण्याची तुमची तयारी आहे का. ही तयारी खरी असेल तरच लिहा. जुने आरोप उगाळू नका. ते पत्र उद्या न्यायाधीशांसमोर वाचले जाईल, अशा रीतीने लिहा, कारण बहुधा तसेच होते. पैसे, खटल्यात मदत किंवा साक्ष फिरवणे यांपैकी कशाचीही देवाणघेवाण संमतीच्या बदल्यात करू नका. दत्तकासाठी पैसे किंवा मोबदला देणे-घेणे दोन्ही कायद्यांत निषिद्ध आहे.

संमतीचा कागद बिनचूक असावा. दत्तक विनियमांचा विहित नमुना वापरा आणि त्यासोबत असा मजकूर जोडता येतो : 'मी, खाली सही करणार, सध्या अमुक मध्यवर्ती कारागृहात बंदी क्रमांक अमुक म्हणून आहे. माझा मुलगा अमुक, जन्मतारीख अमुक, यास त्याच्या आईचे पती अमुक यांनी दत्तक घेण्यास मी कोणत्याही दडपणाशिवाय आणि मोबदल्याशिवाय संमती देत आहे. दत्तकानंतर माझे पालक म्हणून असलेले कायदेशीर नाते कायमचे संपेल, हे मला माझ्या भाषेत समजावून सांगण्यात आले आहे.' खाली तारीख, सही किंवा अंगठा, कोणी वाचून दाखवले त्याचे नाव, आणि कारागृह अधीक्षकांची सही व शिक्का. शक्य असेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधि सेवा प्राधिकरणाच्या वकिलासमोर सही व्हावी. आपला वकील हजर नव्हता, ही नंतरची तक्रार त्यामुळे आधीच निकाली निघते.

संमती नोंदवायची असेल आणि संबंधित माणूस दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात येऊ शकत नसेल, तरी मार्ग आहे. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 38 नुसार तुरुंगात असलेल्या व्यक्तीला निबंधकासमोर स्वतः हजर राहावे लागत नाही; निबंधक स्वतः कारागृहात जाऊन तिची तपासणी करतो किंवा त्यासाठी आयुक्त नेमतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ही तरतूद ठाऊक नसेल, तर कलमाचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या.

मुलाचे म्हणणेही ऐकले जाते. पाच वर्षे आणि त्यावरील मुलाची संमती घेतली जाते, आणि आदेश देताना मुलाच्या वयानुसार आणि समजुतीनुसार त्याच्या इच्छेचा विचार करावा, असे बाल न्याय कायदा सांगतो. वडील परदेशी आहेत किंवा वारले आहेत, असे मुलाला सांगून ठेवलेले असेल, तर ते खोटे चौकशीच्या खोलीत अनोळखी माणसाच्या तोंडून उघडे पडू देऊ नका. त्याच्या वयाला झेपेल एवढे खरे त्याला आधी घरीच सांगा. या सगळ्या प्रक्रियेत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे आणि तिच्यासाठी कोणताही अर्ज करावा लागत नाही.

अर्ज आणि नोटीस

बाल न्याय कायद्याच्या मार्गात पती-पत्नींनी मिळून केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, 'केअरिंग्ज' या संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. जन्मदाखला, दोघांचे ओळखपत्र आणि रहिवासाचा पुरावा, विवाह प्रमाणपत्र, घटस्फोटाचा हुकूमनामा, ताब्याचा आदेश आणि संमतीपत्रे ही तयार ठेवा. जिल्हा बाल संरक्षण कक्ष हे प्रत्यक्ष भेटण्याचे ठिकाण आहे. कागद तपासण्याचे काम आणि पुढचा प्रवास तेथूनच होतो. 2021 च्या दुरुस्तीने दत्तकाचे आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला आणि ती 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झाली. या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले होते, म्हणून अर्ज कोठे दाखल करायचा, याची खात्री कक्षाकडून लेखी करून घ्या. सुनावणी बंद दालनात होते आणि अर्ज दोन महिन्यांत निकाली काढण्याची अपेक्षा कायद्यात आहे.

ताब्याचा किंवा पालकत्वाचा अर्ज न्यायालयात असेल, तर तुरुंगातील पित्याला नोटीस नीट बजावली गेली पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 5, नियम 24 नुसार समन्स कारागृहाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. त्या अधिकाऱ्यावर ते बजावून, स्वतःच्या सहीने आणि कैद्याच्या पोचीसह परत पाठवण्याची जबाबदारी असते. ती पोच प्रकरणात लागली आहे का, हे स्वतः पाहा. पहिल्या पतीच्या गावच्या पत्त्यावर समन्स पाठवून ते परत आले, मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली आणि एकतर्फी आदेश मिळवला, असे करणाऱ्यांना तो आदेश पुढे गमवावा लागू शकतो, कारण ज्याचा पत्ता सरकारच्याच दप्तरी आहे, त्याला शोधता आले नाही असे म्हणता येत नाही. त्याची साक्ष हवी असेल, तर आदेश 16-अ नुसार त्याला हजर करण्याचा हुकूम मागता येतो. कारागृह न्यायालयापासून पंचवीस किलोमीटरपेक्षा दूर असेल, तर आयुक्तामार्फत साक्ष घेण्याचा विचार आधी होतो. दूरदृश्य प्रणालीने हजेरीचीही विनंती करावी.

संमती नाकारली तर

येथे खोटी आशा देणे बरे नव्हे. 1956 च्या अधिनियमाखाली पित्याचा नकार असताना, वरच्या तीन अपवादांपैकी एकही लागू नसेल, तर दत्तक होत नाही. बाल न्याय कायद्याच्या मार्गात विशिष्ट प्रकरणी नियम शिथिल करण्याची विनंती 'कारा'कडे करता येते आणि उच्च न्यायालयात रिट अर्जाचा मार्गही राहतो. तेथे प्रश्न मुलाच्या हिताचा असतो, म्हणून पुरावाही त्याच प्रश्नाचा द्यावा : पित्याने किती वर्षे चौकशी केली नाही, पत्रे किंवा पैसे कधी पाठवले का, गुन्हा मुलाविरुद्ध किंवा त्याच्या आईविरुद्ध होता का, मुलाला त्याची भीती वाटते का. समुपदेशकाचा अहवाल, शाळेचे पत्र आणि पोटगीच्या थकबाकीचा आदेश यांना शपथपत्रातील विशेषणांपेक्षा अधिक वजन असते. मात्र दीर्घ शिक्षा म्हणजे अपात्रता, हे समीकरण मांडू नका. पालक व पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 39 मध्येही नेमलेल्या पालकाला दूर करण्यासाठी केवळ दोषसिद्धी पुरत नाही. त्या गुन्ह्यातून त्याला पालकत्वास अपात्र ठरवणारा स्वभावदोष दिसतो, असे न्यायालयाचे मत व्हावे लागते.

नकार कायम राहिला, तर आईच्या नावे ताबा आणि पालकत्वाचा ठोस आदेश, सावत्र वडिलांचे मृत्युपत्र, आणि विमा व बँक खात्यांवर मुलाचे नामनिर्देशन, एवढ्याने दत्तकाचे बरेचसे व्यावहारिक लाभ साधतात. मूल अठरा वर्षांचे झाले की पालकत्वाचा प्रश्नच उरत नाही.

तुरुंगात असलेल्या पालकासाठी

नोटीस हाती पडली की गप्प राहू नका. उत्तर न देणे म्हणजे संमती नव्हे, पण एकतर्फी आदेशाला त्यातून वाट मिळते. विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीत किंवा कारागृहात असलेल्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. कारागृहातील विधि सहाय्य केंद्राकडे किंवा अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. कुटुंबीयांना 15100 या क्रमांकावर फोन करता येतो. महिला आणि मुले यांनाही याच कलमाखाली उत्पन्नाची अट न लावता मदत मिळते, म्हणजे आईलाही वकिलाचा खर्च नाही म्हणून अडून राहण्याचे कारण नाही. मुलाला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती आणि भेटीच्या नोंदी जपून ठेवा. संमती द्यायची की नाही, हे ठरवताना सुटकेची तारीख, मुलाचे वय आणि ते आता कोणाला बाबा म्हणते, या तिन्ही गोष्टी समोर ठेवा. समजून-उमजून दिलेली संमती हा मुलाला टाकल्याचा पुरावा नाही, आणि मुलाशी नाते राखण्यासाठी नोंदवलेला नकार हा आडमुठेपणा नाही. संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजेवर असाल, तेव्हा वकिलाशी समोरासमोर बोलून घ्या.

आई तुरुंगात असेल, तर आणखी एक बाब आहे : सहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्यासोबत कारागृहात राहू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय प्रकरणात 2006 साली सांगितले. त्या वयाच्या मुलाला सावत्र आईने दत्तक घेण्याचा अर्ज येतो, तेव्हा मूल प्रत्यक्षात कोणापाशी आहे, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो.

आदेश मिळाल्यावर

जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते, म्हणून ती मुदत संपेपर्यंत थांबणे बरे. त्यानंतर प्रमाणित प्रत घेऊन जन्मनोंदणी कार्यालयातून सुधारित जन्मदाखला घ्या, कारण शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट हे सगळे त्याच्यामागून येते. आडनावाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा अकेला ललिता प्रकरणातील निकाल वाचण्यासारखा आहे. तेथे वडील वारलेले होते आणि आई एकटीच नैसर्गिक पालक होती, म्हणून तो हयात पित्याच्या प्रकरणाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण कागदपत्रांत आईच्या पतीचे नाव 'सावत्र वडील' असे लिहायला लावणे हे मुलाच्या मनावर आघात करणारे आहे, हे न्यायालयाने त्यात ठामपणे म्हटले आहे. दत्तकाच्या आदेशानंतर कोणत्याही अर्जावर तो शब्द लिहिण्याची गरज राहत नाही, आणि एखाद्या लिपिकाने तसा आग्रह धरला तर आदेशाची प्रत जोडून लेखी हरकत नोंदवा.